अभ्यासपाठ : गुणसूत्रांची गणती चुकते तेव्हा

सिकलसेलवरचा पाठ वाचून काही अधीक्षिका आणि शिक्षकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मुलीची सिकलसेल तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला, म्हणजे जन्मापासूनचा कुठलाच दोष तिच्यात नाही असे धरायचे का? तसे धरता येत नाही. ही समजूत आपल्या कामात नुकसान करू शकते, म्हणून या वेळचा पाठ त्यावर घेतला आहे.

आपल्या शरीराची सगळी माहिती एका मोठ्या ग्रंथात लिहिली आहे असे समजा. ग्रंथाचे २३ खंड आहेत आणि प्रत्येक खंडाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकूण ४६. या खंडांना गुणसूत्रे म्हणतात आणि त्यांतल्या एकेका परिच्छेदाला जनुक. सिकलसेल म्हणजे ११ क्रमांकाच्या खंडातल्या एका परिच्छेदात चुकलेले एक अक्षर. अक्षर तपासणारा माणूस खंड मोजत नाही. एखादा अख्खा खंड जास्त असेल किंवा एक प्रत गहाळ असेल, तर ते सिकलसेलच्या तपासणीत कधीच दिसणार नाही. दोन तपासण्यांत रक्तातल्या पेशीही वेगळ्या लागतात. सिकलसेल तांबड्या पेशींत पाहतात. तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे तिच्यात गुणसूत्रेही नसतात. ती मोजायला पांढऱ्या पेशी लागतात.

माणसाची गुणसूत्रे ४६ हे आज शाळेतल्या पुस्तकात असते, पण ही गणती फार जुनी नाही. अनेक वर्षे शास्त्रज्ञ ४८ धरून चालले होते. जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जिओ आणि स्वीडनचे अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ साली ४६ ही संख्या पक्की केली. गणती बरोबर झाल्यावरच चुकलेली गणती ओळखता आली आणि पुढच्या तीन वर्षांतच, १९५९ मध्ये, या पाठातल्या तीन मुख्य स्थितींचे कारण सापडले.

मुलगी झाली, दोष कोणाचा?

२३ जोड्यांपैकी २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्या असतात. तेविसावी जोडी लिंग गुणसूत्रांची. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. वाय हा आकाराने अगदी लहान, पण त्याच्यावर एक जनुक असे आहे की त्याच्या सांगण्यावरून गर्भात वृषण तयार होऊ लागते. ते जनुक १९९० साली सापडले.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडी सुटते आणि जोडीतला एकच भाग पुढे जातो. आईजवळ दोन्ही एक्सच आहेत, त्यामुळे तिच्या बीजात एक्सच जाणार. वडिलांच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स असतो, निम्म्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. यात आईची मर्जी नाही, वडिलांचीही नाही. तरी ज्याच्याकडून हा फरक येतो तो वडील, एवढे तरी प्रत्येक गावबैठकीत सांगायला हवे. चौथी मुलगी झाली म्हणून बाईला माहेरी पाठवणारे घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी १९०५ साली पिठातल्या किड्यांच्या पेशी पाहताना हा फरक नोंदवला. त्याला शंभरावर वर्षे झाली, पण आपल्याकडे सासूबाईंपर्यंत ते पोहोचलेले नाही.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. गर्भाची गुणसूत्रे तपासता येतात आणि वैद्यकीय कारण असेल तर १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने त्याला परवानगीही आहे. मात्र त्या तपासणीतून मुलगा की मुलगी हे सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हा. महाराष्ट्राने असा कायदा त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता. आपल्या कार्यकर्त्याने कोणासाठीही, कितीही गयावया केली तरी, ती चौकशी करू नये.

जोडी सुटली नाही तर

जोड्या सुटण्याचे काम शरीरात अब्जावधी वेळा होते. कधी एखादी जोडी सुटतच नाही आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात जातात. त्या बीजातून गर्भ झाला तर एक गुणसूत्र जास्त होते. ज्या बीजात काहीच गेले नाही, त्यातून झालेल्या गर्भात एक कमी पडते. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची गडबड आढळते.

हा आकडा आपल्या आरोग्यसेविकांनी लक्षात ठेवावा, कारण गर्भ पडला की घरात लगेच कारण शोधले जाते. ग्रहण पाहिले, पपई खाल्ली, डोक्यावर मोळी घेतली, कोणाची नजर लागली. काही पाड्यांत तर बोट शेजारच्या एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळते आणि तिचे हाल होतात. खरे कारण निम्म्या वेळा हे असते की तो गर्भ सुरुवातीपासूनच वाढण्याजोगा नव्हता. आणि ती चूक गर्भ राहण्याच्या सुमारासच झालेली असते, बाईला दिवस गेल्याचे कळण्याच्या आधी. जड कामे गरोदरपणात टाळायचीच, पण ती वेगळ्या कारणांसाठी.

नात्यात लग्न झाले म्हणून अशी गणतीची चूक वाढत नाही. सिकलसेलच्या बाबतीत नवरा-नवरी दोघांची कार्डे जुळवून पाहण्याला फार अर्थ आहे. इथे तसे कार्ड नाही आणि बहुतेक वेळा आई-वडिलांच्या स्वतःच्या रक्तात काहीच नसते.

उंचीच्या वहीतून दिसणारी मुलगी

आता वसतिगृहाकडे येऊ. अशी एक मुलगी डोळ्यासमोर आणा. नववीत आहे, पण प्रार्थनेच्या रांगेत पाचवीच्या मुलींबरोबर उभी केली तरी कोणाला खटकणार नाही. अंगाने सुकलेली नाही, उलट थोडी रुंद बांध्याची. कामसू, बोलकी, वाचन चांगले, गणित मात्र जमत नाही. बरोबरीच्या सगळ्या मुलींना पदर आला, हिला नाही. बाई म्हणतात, कुपोषण आहे. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, जंताचे औषध मिळते, एक अंडे जास्त मिळते. वर्ष जाते आणि ती तेवढीच राहते. मग घरचे म्हणतात, हाडच बारीक आहे, आजी अशीच होती. दहावी झाली की लग्न. दोन वर्षांनी ती परत येते, कपाळावर वांझ असा शिक्का घेऊन.

या मुलीला टर्नर सिंड्रोम असू शकतो. तिच्या पेशींत दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र असते, किंवा दुसरा एक्स अर्धामुर्धा असतो, किंवा काही पेशींत दोन आणि काहींत एक अशी मिसळण असते. जन्मणाऱ्या साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला ही स्थिती असते. १९३८ साली हेन्री टर्नर या अमेरिकन डॉक्टरांनी अशा सात मुलींची लक्षणे एकत्र मांडली, म्हणून हे नाव. एक्सच्या टोकाशी उंचीसाठी लागणारे एक जनुक असते आणि त्याच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असल्याने मुलगी खुंटते. उपचार न झाल्यास तिची पूर्ण वाढ झालेली उंची त्याच समाजातल्या सरासरी बाईपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर कमी राहते. बीजकोष जन्माआधीच झिजू लागतात, म्हणून बहुतेकींना आपोआप पाळी येत नाही. काही जणींना येते आणि लवकर बंद पडते. बुद्धी बहुतेकींची इतरांसारखीच असते. नकाशा, भूमिती, आकडेमोड यांत अडखळणे मात्र पुष्कळदा दिसते. म्हणून वर गणिताचा उल्लेख केला. आळशी म्हणून तिला छडी मारणाऱ्या शिक्षकाने हे वाचावे.

कुपोषण आणि टर्नर यांतला फरक वसतिगृहातही ओळखता येतो. पोटाला कमी पडले की आधी वजन उतरते, उंची मागाहून थांबते. मूल उंचीच्या मानाने हलके असते. टर्नरच्या मुलीचे वजन उंचीच्या मानाने ठीक, कधी जास्तच असते, पण उंची वाढत नाही. आणखी काही खुणा असतात, सगळ्या सगळ्यांत नसतात. मान आखूड आणि रुंद, कधी कानापासून खांद्यापर्यंत कातडीची घडी. मानेवर केस फार खालपर्यंत उगवलेले. छाती ढालीसारखी पसरट. हात सरळ सोडले की कोपरापासून बाहेरच्या बाजूला झुकलेले. अंगावर बरेच तीळ. कान सारखा फुटणे. जन्मल्यावर हातापायांना सूज होती का, हे आईला विचारावे. अशी सूज बायकांच्या लक्षात राहते आणि ती मोठी खूण आहे.

पण सर्वात भरवशाची खूण म्हणजे उंचीची वही. इथे आपली एक जुनी अडचण आडवी येते. आपल्या मुलांपैकी कितीकांची जन्मतारीख १ जून आहे, हे हजेरीपट उघडला की दिसते. गुरुजींनी दाखल करताना अंदाजाने घातलेली ती तारीख. मग वयाप्रमाणे उंचीचा तक्ता लावायचा तरी कसा? उपाय सोपा आहे. एका मापावर निर्णय करू नका, दोन मापांतले अंतर पाहा. शाळेत जाण्याच्या वयापासून पदर येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. जूनमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा मोजले आणि वर्षभरात ४ सेंटीमीटरसुद्धा भरली नाहीत, तर जन्मतारीख खरी असो की खोटी, ती मुलगी डॉक्टरांना दाखवायची.

मोजायचे नीट, कारण वेणीची एक गाठसुद्धा वर्षाची वाढ खाऊन टाकते. चपला काढून, अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडून, भिंतीला टाच, बूड आणि खांदे टेकवून उभे करावे. नजर समोर. डोक्यावर पाटी आडवी धरावी आणि भिंतीवर खूण करून टेपने मोजावे. दोन्ही वेळा सकाळीच मोजले तर बरे. संध्याकाळी माणूस थोडा आखूड भरतो, हे खरे आहे.

तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तरी थांबायचे नाही. होईल उशिरा, मावशीला पण उशिराच झाले होते, हे वाक्य ऐकून घ्यावे आणि तरीही दवाखान्यात न्यावे. तिथे टर्नरच निघेल असे नाही. थायरॉइड कमी असणे, क्षयरोग आणि मुख्य म्हणजे खुद्द सिकलसेल आजार यांनीही मुले खुजी राहतात आणि पाळी लांबते. म्हणून सिकलसेलची तपासणी आधी झालेली बरी. फक्त ती चांगली आली की शोध संपला असे समजू नये. याच पाठाची सुरुवात त्या प्रश्नाने झाली.

क्वचित असा रिपोर्ट येतो की मुलीची गुणसूत्रे ४६ आहेत, पण जोडी एक्स-वाय आहे. अशा काही मुलींत वायचा हुकूम शरीराने ऐकलेलाच नसतो. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, ती मुलगीच आहे. रिपोर्टमधल्या दोन अक्षरांवरून वसतिगृहात कुजबूज झाली तर तिचे जगणे अवघड होईल. असा कागद कपाटात कुलूपबंद ठेवावा. टर्नरच्या काही मुलींच्या पेशींतही वायचा तुकडा सापडतो. तेव्हा पोटातल्या अपुऱ्या बीजकोषांत गाठ होण्याचा धोका असतो आणि डॉक्टर ते काढायला सांगतात. तो सल्ला पुढे ढकलू नये.

निदान लवकर झाले तर काय मिळते? तीन गोष्टी. पहिली हृदय. टर्नरच्या बऱ्याच मुलींच्या हृदयाच्या मुख्य झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, काहींची महाधमनी एका जागी अरुंद असते. हे बाहेरून कळत नाही. एकदा इको तपासणी झाली पाहिजे आणि रक्तदाब अधूनमधून मोजला पाहिजे. मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि कानांची तपासणीही त्याच फेरीत उरकावी. दुसरी गोष्ट उंची. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने रोज, काही वर्षे घ्यावी लागतात आणि ती महाग आहेत. पण लहान वयात सुरू झाली तर काही सेंटीमीटर खरोखर मिळतात. सोळाव्या वर्षी आलेल्या मुलीला त्यांचा फारसा उपयोग उरत नाही. तिसरी गोष्ट स्वस्त आहे आणि बहुतेक सगळ्यांना देता येते, ती म्हणजे इस्ट्रोजेन. अकराव्या-बाराव्या वर्षापासून अगदी कमी मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवतात, पुढे दुसरे संप्रेरक जोडतात. छातीची वाढ होते, पाळी येते, हाडे पक्की होतात. हाडांचा मुद्दा लोक विसरतात. इस्ट्रोजेनशिवाय राहिलेल्या बाईची हाडे ऐन उमेदीत ठिसूळ होतात, आणि आपल्या मुलींना डोंगरावरून पाणी, लाकूड आणायचे असते.

मुलांमध्ये हीच गडबड

मुलगा असून दोन एक्स आणि एक वाय, अशी ४७ गुणसूत्रे असली तर त्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. सहाशे मुलांमागे साधारण एक. म्हणजे टर्नरपेक्षा कितीतरी अधिक. तरी बहुतेकांचे निदान कधीच होत नाही, कारण लहानपणी काही दिसत नाही. बोलायला थोडा उशीर, वाचनात मागे, लाजाळू. मोठेपणी उंच, लांब पायांचा, दाढी विरळ, कधी छाती थोडी वाढलेली. वृषण लहान असतात. इतर बाबतींत तो चारचौघांसारखा संसार करतो, शेती करतो. मूल मात्र होत नाही.

आणि इथे पुन्हा बोट बाईकडेच वळते. मूल होत नाही म्हटल्यावर तिला देवदेव, भगत, औषधी मुळ्या, तालुक्याचा दवाखाना, मग जिल्ह्याचा. तिच्या पोटाचे फोटो निघतात, नळ्या तपासल्या जातात. मग दुसरी बायको येते, तिलाही मूल होत नाही, तरी नवऱ्याची तपासणी होत नाही. वीर्याची तपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि कोणालाही न दुखणारी. मूल न होणाऱ्या जोडप्याला आपला कार्यकर्ता दवाखान्यात नेत असेल तर पहिल्याच फेरीत दोघांनाही न्यावे, ही अट आपण घालून घ्यायला हरकत नाही. पुरुषाला यात कमीपणा वाटतो हे मान्य. पण दहा वर्षे बाईने जो कमीपणा सोसला त्यापुढे एका सकाळचा हा संकोच फार मोठा नाही. निदान झालेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देता येते, त्याने ताकद आणि हाडे सुधारतात.

एक एक्स जास्त असलेल्या मुली आणि एक वाय जास्त असलेले मुलगे, दोन्ही हजारात एकेक असतात आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. १९६० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त रुग्णालयात जास्तीचा वाय असलेले काही पुरुष सापडले आणि वाय जास्त असला की माणूस गुन्हेगार होतो, अशी आवई जगभर उठली. पुढच्या संशोधनात ती टिकली नाही. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कायदा आपल्या देशातल्या कित्येक जमातींनी भोगला आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

एक शंका इथे येतेच. एक अख्खे गुणसूत्र जास्त असून काही बिघडत नाही, असे कसे? याचे कारण एक्सचा स्वभाव. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच कामावर असतो, दुसरा जवळजवळ सगळा मिटून पेशीच्या कडेला पडून राहतो. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडले. तिसरा आला तर तोही मिटतो. मिटलेल्या एक्सवरची थोडी जनुके मात्र जागी राहतात. उंचीचे जनुक त्यांतलेच, म्हणून एकच एक्स असलेली मुलगी खुजी राहते. बाकीच्या २२ जोड्यांना असे मिटून बसता येत नाही.

एकविसावे जास्त असले तर

म्हणून एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन झाले की त्याचा परिणाम अंगभर दिसतो. हा डाउन सिंड्रोम. साधारण सातशे-आठशे जन्मांमागे एक. १८६६ साली इंग्लंडचे डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी वर्णन केले. कारण १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून यांच्या नावाने जाहीर झाले. त्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे मूळ काम मार्थ गोतिए या डॉक्टर बाईंनी उभे केले होते, त्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले.

तिरकस डोळे, चपटे नाक, सैल अंग, तळहातावर एकच आडवी रेघ असलेले बाळ सुईणीलाही वेगळे वाटते. आपल्याकडे त्याला भोळा म्हणतात आणि प्रेमाने वाढवतात, ते चांगलेच आहे. पण प्रेमाबरोबर छातीची तपासणी हवी. अशा निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि तो वेळेत शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. वर्ष-दोन वर्षे थांबलो तर काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत येणाऱ्या पथकाला असे मूल मुद्दाम दाखवावे, म्हणजे जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्रात पुढची सोय लागते. थायरॉइडही तपासावे. बौद्धिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. विशीत दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक, असा ढोबळ हिशेब. तरी असे मूल तरुण आईलाही होते, कारण तरुण आयांची बाळंतपणेच जास्त असतात. शंभरात तीन-चार मुलांत मात्र जास्तीचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. म्हणून अशा मुलाची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. पुढच्या मुलाविषयी डॉक्टर काय सांगणार, ते त्या कागदावर ठरते.

रक्ताची नळी आणि घरच्यांशी बोलणे

गुणसूत्र तपासणीला हाताच्या शिरेतून थोडे रक्त लागते. हिमोग्लोबिनसाठी वापरतात ती जांभळ्या टोपणाची नळी इथे चालत नाही, हिपॅरिन असलेली हिरव्या टोपणाची लागते. कारण पांढऱ्या पेशी जिवंत पोहोचल्या पाहिजेत. त्या प्रयोगशाळेत तीन दिवस वाढवतात, विभाजन चालू असताना औषधाने थांबवतात, तेव्हाच गुणसूत्रे वेगवेगळी दिसतात आणि मोजता येतात. नळी गोठू देऊ नये, उन्हात टपावर ठेवू नये आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचेल अशीच पाठवावी. शनिवारी घेतलेले रक्त रविवारभर पडून राहिले की सगळा खटाटोप वाया जातो. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. खासगीत काही हजार रुपये पडतात, म्हणून आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. शक्य असेल तर मुलीलाच तिथे न्यावे.

रिपोर्ट आल्यावर आधी आई-वडिलांना बसवून सांगावे, तेही त्यांच्या बोलीत, कोणी जाणते माणूस बरोबर घेऊन. गावच्या भगताला टाळू नये. घरचे त्याच्याकडे जाणारच असतात, आणि गोळ्या चालू ठेवा एवढे त्याने म्हटले तरी आपले निम्मे काम होते. आईला पहिल्यांदा हे सांगावे की तिने काही खाल्ल्याने, पाहिल्याने किंवा केल्याने हे झालेले नाही. हे वाक्य दोन-तीनदा म्हणावे लागते.

मुलीपासून लपवू नये. तिला वयाप्रमाणे, थोडे थोडे सांगावे. मला मूल होणार का, हे ती एके दिवशी विचारते. आपोआप दिवस जाणे फार थोड्या जणींच्या बाबतीत घडते, हे खरेच सांगावे. लग्न करता येते, संसार करता येतो, मूल दत्तक घेता येते, शिकून शिक्षिका किंवा परिचारिका होता येते, हेही तेवढेच खरे आहे. लग्न ठरवताना समोरच्या घरी काय सांगायचे हे तिने आणि तिच्या आई-वडिलांनी ठरवावे, आपण परस्पर बोलू नये. मात्र लपवून लावलेल्या लग्नात पुढे कोणाचे हाल होतात, ते त्यांच्यापुढे स्पष्ट ठेवावे.

आणि सुट्यांचे पाहावे. दिवाळीत आणि मे महिन्यात मुली घरी जातात, गोळ्यांचा डबा वसतिगृहाच्या कपाटात राहतो आणि जूनमध्ये उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. घरी जाताना पुरतील एवढ्या गोळ्या तिच्या पिशवीत द्याव्यात, कोणत्या वेळी घ्यायच्या ते आईला दाखवून सांगावे, आणि पाड्यावरच्या आशाताईंना फोन करून तेवढे कळवावे.